पाठीमागचा उद्या

तेओदोसियाच्या पाठीवर, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात
गाठोड्यासारखी बांधलेली एर्मिनिया.
वय एकोणीस दिवस.
जग म्हणजे तूर्तास ओल्या लोकरीचा वास
आणि एक ठोका,
आधी आतून ऐकलेला,
आता पाठीच्या हाडांतून येणारा.

समोर टिटिकाका पसरलंय, पण ते तिचं नाही अजून.
आई नजरेआड झाली की आई संपते.
परत आली की नवीनच कुणी येते.
दिवसातून चाळीस वेळा पोरकं व्हायचं,
एवढ्या धामधुमीत कुणाला झोप लागेल?

आठव्या महिन्यात सेवेरोमामा
टोपीखाली बटाटा लपवतो.
ती थबकते. टोपीकडे बघते.
टोपी उचलते.
मघाचाच बटाटा.
मामा हसतो, पुन्हा लपवतो, त्याला वाटतं खेळ चाललाय.
इथे एका माणसाला नुकतंच कळलंय
की दिसत नाही तेही असतं.
पुढे याच भरवशावर देव उभे राहतात,
आणि उधारीही.

मग शब्द. 'उमा', म्हणजे पाणी.
सरोवराला उमा, वाटीतल्याला उमा,
मेंढीच्या नाकाला उमा,
आणि एका संध्याकाळी आई चुलीपाशी गप्प बसलेली,
तिच्या गालावर बोट ठेवून:
उमा.

चौथ्या वर्षी चीज खाल्लं आणि कुत्र्याचं नाव सांगितलं.
तेओदोसियाने कान पिळला,
पण रात्री नवऱ्याला हळूच म्हणाली,
पोरीला कळलं रे,
तिच्या डोक्यातलं माझ्या डोक्यात नसतं.
दोघं घोंगडीत तोंड खुपसून हसली.

जूनमध्ये बटाटे गवतावर पसरतात,
रात्रभर दहिवर खातात, सकाळी पायांनी तुडवायचे.
"पसरले की जास्त झाले," एर्मिनिया म्हणाली.
"ढीग केला की कमी."
आईने मोजून दाखवलं नाही.
दोन हिवाळ्यांनी पोर धाकट्या भावाला हसत होती,
वेडा आहेस का, तेवढेच तर आहेत!
"तूही हेच म्हणायचीस."
"मी? कधीच नाही."

"उद्या कुठे असतो?"
आईने अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.
काल दिसतो, म्हणून तो समोर.
उद्या कुणी पाहिलाय? म्हणून पाठीमागे.
आयमारा बोलीत असंच आहे, विचारून झालेलं.
एर्मिनिया गर्रकन वळली.
उद्या तेवढ्यात पुन्हा मागे गेला.
दुपारभर ती गोल गोल फिरत राहिली
आणि शेवटी लामाच्या शेणात पडली.

शाळेत पोन्सियानो सरांनी फळ्यावर रेघ ओढली,
उजवीकडे बाण: हे भविष्य, पुढे!
तिने वहीत बाण काढला.
पाठ मात्र खाजत राहिली.

तेराव्या वर्षी तिला 'जर' सापडला.
जर सरोवर आटलं तर. जर बाबा खाणीत गेले नसते तर.
जर मी तुझी मुलगी नसते तर?
हे सगळं एकाच जेवणात.
तेओदोसियाने ताट उचललं आणि बाहेर जाऊन जेवली.

आता ती सव्वीस वर्षांची. एल आल्तोत
हवेतल्या तारेवर पाळणे चालतात, ती त्यांच्या चाकांची दुरुस्ती करते.
यंत्र आकडा दाखवण्याआधी तिला कानाने कळतं
कुठलं बेअरिंग खाल्लं गेलंय.
कसं कळतं, हे शिकाऊ पोरांना सांगता येत नाही,
याचीच तिला थोडी लाज वाटते.

आई पहिल्यांदाच पाळण्यात बसायला आली.
दरीकडे पाठ करून बसली.
"आई, इकडे ये, पुढचं दिसेल."
"मला हेच बरं. आलो ती वाट दिसते."
विटांची घरं, वाळत घातलेले कपडे,
सगळं तिच्या डोळ्यांसमोर लहान होत गेलं.
"मागे काय आहे गं?"
"सातवा खांब. जरा धक्का बसेल."

बसला,
पण तिने सांगितलं त्याहून थोडा उशिरा.